हजार वारांवरचा नेम

नेमबाजाची नजर तीक्ष्ण हवी, हात स्थिर हवा, हे आपण सारेच जाणतो. पण लक्ष्य हजार वारांवर गेले की या दोहोंच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते : गोळ्यांचा एकसारखेपणा. इंग्लंडमध्ये १८६२ साली सुरू झालेल्या एल्को ढालीच्या सामन्यात रायफलीचा नेम धरायचा तो १०००, ११०० आणि १२०० वारांवरून! इतक्या लांबवर गोळीतला बारीकसा फरकही लक्ष्यावर वितीएवढा होऊ शकतो.

असे का व्हावे? नळीतल्या आट्यांमुळे गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार गिरक्या घेत जाते. शिशावरचे तांब्याचे कवच एका बाजूला जाड असले, तर तिचा तोल ढळतो. आकार जरा बोजड असला, तर हवा तिला अधिक अडवते आणि ती खाली लागते.

म्हणून जाणता नेमबाज एकाच खेपेत तयार झालेल्या गोळ्या घेतो. त्या नाजूक काट्यावर तोलतो. इथले माप ग्रेन, म्हणजे आपल्या गुंजेच्या जेमतेम निम्मे. पण वजन जुळले म्हणजे सारे जुळले असे नव्हे. बुडापासून निमुळता भाग सुरू होतो तिथवरची लांबीही तो मापतो. वेगळ्या निघालेल्या गोळ्या सरावाला ठेवतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नेम चुकला, तर दोष वाऱ्याचा की आपल्या हाताचा, हे कळावे म्हणून. गोळीचाच भरवसा नसेल, तर तो नसलेली चूक दुरुस्त करू जातो, आणि पुढची चांगली गोळीही वाया जाते.