थायरॉइड काढल्यानंतरची रोजची गोळी

हिब्रूत थायरॉइडला बलुतात हात्रीस म्हणतात. त्रीस म्हणजे ढाल. मराठी पाठ्यपुस्तकात तिचे नाव अवटू ग्रंथी. नाव कोणतेही घ्या, कर्करोगामुळे ही ग्रंथी पूर्ण काढली की तिचे सगळे काम एका लहानशा गोळीवर येते. त्या औषधाचे नाव लेव्होथायरॉक्सिन. ऑपरेशन होते, गरज असेल तर रेडिओआयोडीन होते, घरचे एलियाहू हनाबीचा नवस फेडून मलिदा करतात आणि सर्वांना वाटते, सुटलो. पुढची वर्षे कशी काढायची हे मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही. मी स्वतः ही गोळी आठ वर्षे घेते आहे. इथे वेस्ट विंडसरला आणि फोनवर इस्राएल व ठाण्याच्या नातलगांकडून तेच तेच प्रश्न ऐकते, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट रक्ततपासणीची. टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला हुकूम असतो. शरीरात हार्मोन कमी पडले की टीएसएच वाढते, जास्त झाले की उतरते. सर्वसाधारण माणसाचा आकडा साधारण ०.४ ते ४ असतो. पण हा हुकूम उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही वाढायला उत्तेजन देऊ शकतो. म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णाचा आकडा मुद्दाम ०.१ च्या खाली ठेवतात. धोका कमी असेल आणि तपासण्या चांगल्या येत असतील, तर ०.५ ते २ पुरतो.

अडचण इथेच आहे. आपला इतिहास ठाऊक नसलेला डॉक्टर कमी टीएसएच पाहून गोळी कमी करतो. याच्या उलटही घडते. दहा वर्षांपूर्वी ठरवलेला कडक आकडा ऐंशीव्या वर्षीही तसाच चालू राहतो. गोळीचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले तर म्हाताऱ्या माणसाचे हृदय अनियमित धडधडू लागते आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची. म्हणून दरवर्षी डॉक्टरांना सरळ विचारावे, "माझा टीएसएच किती असायला हवा, आणि आता या वयात का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे हे गोळी जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, सुस्ती, वजन वाढणे हे कमी पडल्याचे. पण "वय झाले" म्हणून दोन्ही सोडून दिली जातात. गोळीचे प्रमाण आपल्या मनाने मात्र बदलू नये. बदल केल्यावर खरा आकडा दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

गोळी घ्यायची रीत सोपी आहे. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफी नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात, कारण त्या हिला आतड्यात अडकवून ठेवतात. मटण खाल्ल्यावर दूध घ्यायला आपण किती तास थांबतो, हे ज्याच्या-त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरलेले असते. तीच सवय इथे लावली की विसर पडत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनने टीएसएचचा आकडा चुकीचा दिसतो. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे.

आपली माणसे तीन देशांत विखुरलेली, म्हणून औषधेही पिशवीतून इकडून तिकडे जातात. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात स्वस्त गोळ्यांची पाकिटे ठरलेलीच. औषध तेच असले तरी कंपनी बदलली की शोषण थोडे बदलू शकते. इस्राएलमधील वाचकांना २०११ सालचे एल्ट्रॉक्सिन प्रकरण आठवत असेल. मूळ औषध बदलले नव्हते, त्यात मिसळायचे इतर पदार्थ बदलले होते. तरी अनेकांना त्रास झाला आणि प्रकरण कोर्टात गेले. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे. गोळ्या उन्हात किंवा दमट न्हाणीघरात ठेवू नयेत.

रेडिओआयोडीन घेतलेल्यांचे तोंड कधी कधी वर्षानुवर्षे कोरडे राहते, कारण ते औषध लाळग्रंथींतही शिरते. शाब्बाथच्या जेवणात भाकरीचा घास उतरत नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे. घोट-घोट पाणी प्यावे आणि दाताच्या डॉक्टरला आपला उपचार सांगावा, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. मासे खायला घाबरायचे कारण नाही. आयोडीन टाळायचे ते उपचाराआधीच्या थोड्या दिवसांपुरते.

मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हा उपचार होतो. तिथे उपचार झालेल्या कोणी परदेशी मुलांकडे राहायला जात असेल, तर ऑपरेशनचा अहवाल, कर्करोगाचा प्रकार, रेडिओआयोडीनची मात्रा आणि थायरोग्लोब्युलिनचे शेवटचे आकडे सोबत घ्यावेत. रोग परत येतो आहे का हे त्या शेवटच्या तपासणीवरून पाहतात. नव्या देशातला डॉक्टर जुना आकडा नसेल तर नुसता अंदाज करतो.

शेवटी उपासाबद्दल. थायरॉइडच्या मागे चार लहान ग्रंथी असतात. त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना इजा झाली तर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, पिंढऱ्यांत गोळे येतात. अशा माणसाचे कॅल्शियम एक दिवसही चुकून चालत नाही. थायरॉइडच्या गोळीचे तसे नाही. तिचे निम्मे औषध शरीरात सुमारे सात दिवस टिकते, म्हणून एका दिवसाने लगेच काही बिघडत नाही. तेव्हा दारफाळणीच्या सणाला कोणती गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आणि आपल्या रब्बींना एलूल महिन्यातच विचारून ठेवावे. आदल्या संध्याकाळी दवाखाना बंद असतो, आणि रब्बींना फुरसत नसते.