समुद्राचे पाणी गोड करणारी नोकरी : तब्येतीचा आणि पैशाचा हिशेब

आखातात तेल विहिरीतून निघते आणि पाणी कारखान्यातून. संयुक्त अरब अमिरातीत बारमाही नदी एकही नाही. पाऊस तुरळक, आणि विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ. त्यामुळे दुबई, अबुधाबी, शारजा येथे आपण स्वयंपाकाला जे पाणी वापरतो ते बहुतेक सगळे समुद्राचे असते. ते गोड करणाऱ्या प्लँटवर दिवसरात्र पाळ्या चालतात, आणि त्या पाळ्यांत भारतीय मंडळी बरीच आहेत. मंडळातील काही तरुण सभासद या नोकरीकडे वळण्याच्या विचारात असतात. काहींचे भाचे-पुतणे गावाहून विचारणा करतात. त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

तिकडचे काम आणि इकडचे काम

महाराष्ट्रात जलशुद्धीकरण केंद्र म्हटले की भांडुपचे मुंबई महापालिकेचे संकुल किंवा पुण्याचे पर्वती जलकेंद्र डोळ्यांसमोर येते. तिथे ऑपरेटरची लढाई गाळाशी असते. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की प्रयोगशाळेत जार टेस्ट घ्यायची, तुरटीचे प्रमाण ठरवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा.

इथे लढाई मिठाशी आहे. साधारण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आखात उथळ आणि तापलेले असल्याने इथे हे प्रमाण ४० ग्रॅमच्या वर जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार चालतात. म्हणजे ऐंशी भागांतले एकोणऐंशी भाग काढून टाकायचे. हे तुरटीने होत नाही आणि वाळूनेही होत नाही.

त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिली वाफेची. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते आणि डाळ शिजायला वेळ लागतो, हे आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. वाफेच्या प्लँटमध्ये डोंगराचा नियम वापरतात. समुद्राचे पाणी ९० ते ११० अंशांपर्यंत तापवून एकापुढे एक अशा अनेक कप्प्यांतून सोडतात. प्रत्येक कप्प्यातला दाब आधीच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे पाणी नवी उष्णता न देताही पुन्हापुन्हा भसकन वाफाळते. ती वाफ थंड नळ्यांवर जमते आणि मीठ मागे राहते. शेजारच्या वीजकेंद्राची उरलेली वाफ यासाठी वापरली जाते, म्हणून इथे वीज आणि पाणी यांचे कारखाने जोडीने उभे दिसतात. १ जानेवारी १९९२ रोजी दुबईची वीज कंपनी आणि पाणी खाते एकत्र करून ‘देवा’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हाही ही जोडी कायम राहिली.

दुसरी पद्धत रिव्हर्स ऑस्मोसिसची, म्हणजे आर.ओ.ची. घरातल्या आर.ओ. यंत्राचेच हे मोठे रूप. अतिसूक्ष्म पडद्यातून ५५ ते ७० बार दाबाने पाणी ढकलतात. मोटारच्या टायरमधला दाब सुमारे दोन बार असतो, यावरून कल्पना यावी. हिला वाफेपेक्षा ऊर्जा बरीच कमी लागते, म्हणून नवे मोठे प्लँट आता याच पद्धतीचे होत आहेत. अबुधाबीतील तवीला येथील आर.ओ. प्लँटची क्षमता दिवसाला २० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ९ लाख घनमीटर आहे. इथला गॅलन इम्पीरियल, ४.५४६ लिटरचा. तरुणांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. केवळ वाफेच्या प्लँटचा अनुभव यापुढे पुरेसा पडणार नाही. पडदे, उच्चदाबाचे पंप आणि कंट्रोल रूममधील संगणक यांचे शिक्षण घेणे आवश्यक आहे.

आठ तासांत काय करावे लागते?

ड्युटीवर येताच आधीच्या पाळीकडून लॉगबुक समजून घ्यायचे. मग तासातासाला नोंदी : पाण्याची विद्युतवाहकता, पी.एच., गढूळपणा, तापमान, दाब, उरलेला क्लोरीन. विद्युतवाहकता अचानक वाढली तर कुठेतरी खारे पाणी गोड्यात शिरते आहे असे समजावे. आर.ओ.मध्ये पडद्यांच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक वाढू लागला तर पडदे तुंबत आहेत. जो ऑपरेटर आकडे नुसते उतरवत नाही, कालच्याशी ताडून पाहतो, तोच पुढे शिफ्ट इंचार्ज होतो.

समुद्राचेही लहरी स्वभाव सांभाळावे लागतात. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी शिंपले चिकटतात, जेलीफिश अडकतात. २००८ च्या उत्तरार्धात आणि २००९ मध्ये सूक्ष्म शेवाळाची लाल लाट अमिरातीच्या किनाऱ्यावर पसरली, तेव्हा काही प्लँट तात्पुरते बंद ठेवावे लागले होते.

तयार झालेले पाणी इतके शुद्ध असते की तसेच पाइपात सोडले तर ते पाइपच खाऊ लागते. म्हणून त्यात चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने कॅल्शियम परत मिसळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. “या पाण्यात काही सत्त्वच नसते” अशी शंका भगिनी नेहमी विचारतात. विहिरीच्या पाण्यापेक्षा त्यात खनिजे कमी असू शकतात हे खरे, पण आपल्याला लागणारे कॅल्शियम मुख्यतः दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून मिळते. घरच्या नळाबाबत जास्त काळजी इमारतीच्या टाकीची करावी. प्लँटवर उत्तम असलेले पाणी न धुतलेल्या टाकीत बिघडते. टाकी शेवटची कधी साफ झाली, हे इमारतीच्या वॉचमनला जरूर विचारा.

तब्येतीचे धोके

१. क्लोरीन वायू. हा हवेच्या सुमारे अडीच पट जड, म्हणून तो जमिनीलगत आणि खड्ड्यांत साठतो. गळती झाल्यास वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंच जागी जावे. तळघरात किंवा खालच्या खोलीत लपू नये. गळक्या सिलिंडरवर पाणी ओतू नये, त्याने आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. नाकावर ओला रुमाल ही सुरक्षितता नव्हे. श्वसनयंत्र लावलेल्या प्रशिक्षित माणसानेच आत जावे. अनेक ठिकाणी आता समुद्राच्या पाण्यापासून जागेवरच हायपोक्लोराइट बनवतात. तिथे क्लोरीनच्या टाक्या नसतात, पण हायड्रोजन सुटतो. त्या खोलीत ठिणगी नको आणि पंखे बंद नकोत.

२. बंदिस्त जागा. टाकी, चेंबर, वाफेच्या प्लँटचा कप्पा यांत परवान्याशिवाय उतरू नये. आतील ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर ती जागा धोकादायक समजावी; तो फारच घटला तर माणूस काही कळण्याआधी कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला सोबतीही. उतरण्यापूर्वी वायूची तपासणी आणि बाहेर एक माणूस उभा, या दोन गोष्टींशिवाय नाही म्हणावे.

३. ऊन. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. मात्र पाणी किंवा वीजपुरवठा खंडित झाल्यावरची दुरुस्ती या बंदीतून वगळलेली आहे. म्हणजे सगळे सावलीत असताना आपल्याच माणसाला उन्हात जावे लागू शकते. अशा वेळी सावली, थंड पाणी आणि क्षार पुरवणे मालकाला बंधनकारक आहे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. पाणी कमी पिण्याच्या सवयीने मूतखडा होतो. लघवी गडद पिवळी झाली तर शरीराने सूचना दिली असे समजावे.

४. आवाज. उच्चदाबाच्या पंपाजवळ ओरडून बोलावे लागत असेल तर कानांत प्लग हवेतच. आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिल्यास ऐकू येणे हळूहळू कमी होते, आणि गेलेले परत येत नाही.

५. रात्रपाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. याने घाबरून जाऊ नये, पण रात्रपाळी फुकट नसते हे ओळखावे. पहाटे तीनला वडापाव आणि गोड चहा, सकाळी पुन्हा नाश्ता, मग अर्धवट झोप, यातून मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात. खोलीला जाड पडदे, फोन बंद, सलग सहा-सात तास झोप, आणि वर्षातून एकदा साखर, रक्तदाब व कान यांची तपासणी, इतके तरी करावे.

पगारपत्रकातील खाचखळगे

अबुधाबीत १९९८ च्या कायद्याने वीज आणि पाणी क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. त्यामुळे प्लँट सरकारी दिसला तरी आपली नोकरी ठेकेदाराची असू शकते. व्हिसावर मालक कोण आहे, हे प्रथम पाहावे. सरकारी खात्यांचे नियम वेगळे असतात. खाली दिलेले नियम खाजगी कंपन्यांना लागू असलेल्या २०२१ च्या कायद्याचे आहेत (अंमल २ फेब्रुवारी २०२२ पासून).

कामाचे तास दिवसाला ८, आठवड्याला ४८. जादा काम दिवसाला दोन तासांपर्यंत आणि एकूण तीन आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त नाही. जादा कामाला मूळ पगाराच्या हिशेबाने सव्वापट दर मिळतो. रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत दीडपट असतो, पण पाळीने काम करणाऱ्यांना हा दीडपटीचा नियम लागू नाही. “रात्रपाळीला दीडपट मिळेल” असे कोणी एजंट सांगत असेल तर ते करारात लिहून घ्यावे.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘मूळ पगार’, बेसिक. ग्रॅच्युइटी यावरच मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. त्यासाठी किमान एक वर्ष नोकरी हवी, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होत नाही.

उदाहरण घेऊ. दोघांचाही एकूण पगार ४,००० दिऱ्हॅम. पहिल्याचा बेसिक २,४००, दुसऱ्याचा १,६००, बाकी भत्ते. दोघेही आठ वर्षे राहिले. पहिल्याचा दिवसाचा बेसिक ८० दिऱ्हॅम. पाच वर्षांचे २१ × ८० × ५ = ८,४०० आणि तीन वर्षांचे ३० × ८० × ३ = ७,२००, एकूण १५,६०० दिऱ्हॅम. दुसऱ्याला याच हिशेबाने १०,४०० मिळतात. दर महिन्याला हातात पडणारी रक्कम सारखी, पण शेवटी फरक ५,२०० दिऱ्हॅमचा. जादा कामाच्या तासालाही पहिल्याला साडेबारा, दुसऱ्याला सव्वाआठच्या आसपास. सही करण्यापूर्वी हे एक गणित कागदावर मांडावे.

आजारपणाची रजा परीविक्षा काळानंतर वर्षाला ९० दिवस : पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्धपगारी, उरलेले बिनपगारी. कामावर इजा झाल्यास उपचाराचा खर्च मालकाचा, आणि पूर्ण पगार सहा महिन्यांपर्यंत. १ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला बेकारी विमाही घ्यावाच लागतो. १६,००० दिऱ्हॅमपर्यंत बेसिक असणाऱ्यांना महिना ५ दिऱ्हॅम हप्ता असतो.

निघण्यापूर्वी आणि पैसे साठवताना

आय.टी.आय.चा केमिकल प्लँट ऑपरेटरचा अभ्यासक्रम किंवा रसायनशास्त्राची पदवी असेल तर सुरुवात बरी होते. प्रमाणपत्रांवर महाराष्ट्र शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतील अमिरातीच्या वकिलातीचे शिक्के घ्यावे लागतात. ही कामे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नयेत. भारत सरकारकडे नोंदलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अमिरातीच्या कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. शेत गहाण ठेवून लाख-दोन लाख देणाऱ्याची पहिली दोन वर्षे केवळ कर्ज फेडण्यात जातात. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आपला आहे.

परदेशी नोकरी लागली की भारतातील साधे बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे आणि इथली कमाई एन.आर.ई. खात्यात पाठवावी. एन.आर.ई.च्या व्याजावर अनिवासी असेपर्यंत भारतात प्राप्तिकर नाही, एन.आर.ओ.च्या व्याजावर आहे. अनिवासी झाल्यावर नवे पी.पी.एफ. खाते उघडता येत नाही, आधीचे मुदत संपेपर्यंत चालवता येते. म्हणून निघण्यापूर्वीच ते उघडलेले बरे.

आणि एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवावी. इथली पेन्शन आपल्यासाठी नाही. महापालिकेतला माणूस निवृत्त झाला की त्याच्यामागे काही व्यवस्था असते, इथल्या ऑपरेटरच्या मागे फक्त ग्रॅच्युइटी आणि स्वतः साठवलेले पैसे. पगाराचा पाचवा हिस्सा पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकावा आणि घरी पाठवायची रक्कम त्यानंतर ठरवावी. पाण्याची टाकी आपण रिकामी होऊ देत नाही, तोच नियम घरच्या तिजोरीला लावायचा.