खोकल्याचे बळ मोजले आहे का?

मानेच्या मणक्याला इजा झालेली व्यक्ती रुग्णालयातून घरी आली की कुटुंबाचे सारे लक्ष हातापायांकडे लागते. बोटे हलतात का, चाकाच्या खुर्चीत किती वेळ बसवते, पाठीवर जखम तर होत नाही ना, याची रोज विचारपूस होते. श्वासाच्या बाबतीत मात्र बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि ९७ आकडा दिसला की आपले समाधान होते. हे समाधान अपुरे आहे. ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायू दाखवतो. श्वास ओढण्यासाठी आणि खोकण्यासाठी स्नायूंत किती बळ शिल्लक आहे, हे तो सांगू शकत नाही. बळ घटत असतानाही तो आकडा बराच काळ चांगला राहतो, आणि घसरू लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

ज्येष्ठ वाचकांनी हा विषय परका मानू नये. वयोमानाने मानेचे मणके झिजलेली व्यक्ती न्हाणीघरात तोंडावर पडली आणि मान मागे झटकली गेली, तर एकही हाड न मोडता मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

श्वास आत घेण्याचे मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल करते. त्याला चालना देणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या मानेतील तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. इजा त्याखाली असेल तर रुग्ण स्वतः श्वास घेतो, बोलतो, जेवतो. पण खोकला पोटाच्या स्नायूंच्या जोरावर उमटतो, आणि त्यांचे मज्जातंतू पाठीच्या खालच्या भागातून निघतात. मानेतील इजेमुळे त्यांचा मेंदूशी संबंध तुटतो. म्हणून वरवर ठीक दिसणाऱ्या माणसाला साधा बेडका काढता येत नाही. कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मज्जारज्जूच्या इजेनंतर होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत श्वसनाचे विकार आजही आहेत.

हे बळ मोजण्याची चाचणी सोपी आहे. सुई नाही, वेदना नाही. नाकाला चिमटा लावून रुग्णाने एक नळी ओठांत घट्ट धरायची. प्रथम छातीतली हवा शक्य तितकी सोडून, बंद नळीतून सर्व ताकदीनिशी श्वास ओढायचा. नंतर छाती भरून घेऊन चुलीच्या फुंकणीत फुंकावे तसा जोर बाहेरच्या बाजूला लावायचा. दोन्ही वेळा जोर सेकंद-दीड सेकंद टिकला पाहिजे. निर्माण झालेला दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात नोंदवतात. श्वास ओढण्याचा दाब ८० च्या वर असेल तर त्या स्नायूंत मोठा अशक्तपणा नाही, असे सामान्यतः मानतात. निरोगी माणसात बाहेर फुंकण्याचा दाब ओढण्याच्या दाबापेक्षा बहुधा जास्त असतो. मानेच्या इजेत हे गणित उलटते, आणि तेच आपल्याला पाहायचे असते. ज्यांचे ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत, त्यांच्यासाठी नाकपुडीतून जोराने हुंगण्याचा दाब मोजण्याची सोय आहे.

चाचणी प्रयत्नावर अवलंबून असते. पहिला आकडा खरा मानू नये. जवळजवळ सारखे तीन प्रयत्न मिळेपर्यंत ती पुन्हा करतात, मध्ये विश्रांती देतात. दमलेल्या, झोप न झालेल्या रुग्णाला घाई करू नये. जाण्यापूर्वी मूत्राशय रिकामे आहे, लघवीची नळी कुठे दुमडलेली नाही, हे पाहावे. मानेच्या इजेत तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी चढू शकतो. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ते आधीच सांगावे.

याच भेटीत खोकल्याचा झोतही मोजून घ्यावा. दम्याचे रुग्ण वापरतात त्या पीक फ्लो मीटरमध्ये खोकायचे, एवढेच. झोत मिनिटाला १६० लिटरच्या खाली असेल तर कफ बाहेर पडणे कठीण. २७० च्या खाली असेल तरी सावध राहावे, कारण साध्या सर्दीपडशात तो आणखी घसरतो.

आता एक गोष्ट, जी घरच्यांना चकवते. धाप लागली की उठवून बसवायचे, ही आपली सवय. हृदयाच्या रुग्णाला त्याने बरे वाटतेही. मानेच्या इजेत मात्र पुष्कळदा आडवे असतानाच श्वास अधिक भरतो. बसल्यावर पोटाचे सैल स्नायू पुढे लोंबतात, श्वासपटल खाली ओढले जाते आणि त्याचा जोर कमी पडतो. म्हणून चाचणी बसून झाली की झोपून, हे कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी त्याच स्थितीत करवून घ्या. एरवी दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरेल. बसताना पोटपट्टा बांधल्याने फरक पडतो का, हेही तेव्हाच तपासता येते.

आकडा कमी आला तर करण्यासारखे बरेच आहे. फिजिओथेरपिस्टकडून श्वसनस्नायूंचे व्यायाम शिकावेत, आणि रुग्ण खोकत असताना त्याच क्षणी तळहातांनी पोट आत-वर दाबून खोकल्याला आधार कसा द्यायचा, हे घरातल्या किमान दोघांनी हाताखाली शिकून घ्यावे. पुस्तक वाचून हे करू नये.

घरी दर आठवड्याला, एकाच स्थितीत, एका श्वासात रुग्ण किती अंकांपर्यंत मोजू शकतो ते वहीत लिहा. हा आकडा उतरू लागला, आवाज बारीक झाला, वाक्य मध्येच तुटू लागले किंवा सकाळी उठल्यावर डोके जड राहू लागले, तर ऑक्सिमीटरवर ९७ दिसत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.