डॉ. श्रीराम लागू : शल्यचिकित्सक ते नटसम्राट

साताऱ्यात १९२७ साली जन्मलेले श्रीराम लागू हे पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, आणि पुण्यात व टांझानियात वैद्यकी केल्यानंतर, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, १९६९मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. पुढच्याच वर्षी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये त्यांनी अप्पासाहेब बेलवलकर या वृद्ध, निराधार झालेल्या नटाची भूमिका साकारली. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी नाते सांगणाऱ्या या नाटकातील दीर्घ स्वगते, म्हणजे पात्राने स्वतःशीच केलेली भाषणे, पेलण्यासाठी श्वासावर आणि शब्दोच्चारावर जी हुकमत लागते, ती त्यांच्यापाशी पुरेपूर होती. ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटातील आदर्शवादी शिक्षकाचे अधःपतन गाजले खरे, परंतु त्याहून सूक्ष्म काम ‘सामना’तील मास्तरांचे मानावे लागेल, कारण साखरसम्राट हिंदूराव झालेल्या निळू फुल्यांसमोर हा व्यसनाधीन माणूस आवाज न चढवता एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत राहतो. हिंदी चित्रपटांनी त्यांना बहुधा साचेबद्ध भूमिकांतच वापरले. ‘घरौंदा’ हा त्याला सन्माननीय अपवाद. ‘लमाण’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या या कट्टर बुद्धिवादी नटाचे १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात निधन झाले.