हेरिंगच्या पिंपात मोजलेला मनोरा

समुद्राकाठची गावं : लेखांक ७

१४२६ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वॉल्बरस्विक नावाच्या कोळीगावाने दोन गवंड्यांशी लेखी करार केला. एक रिचर्ड रसेल, दुसरा अ‍ॅडम पाऊल. काम एकच, चर्चचा मनोरा उभा करायचा. मजुरी उंचीवर, यार्डाला ४० शिलिंग. वर दरवर्षी पिंपभर हेरिंग मासे आणि अंगात घालायला झगा. काम करायला, रांधून खायला आणि पाठ टेकायला छप्पर गावाने द्यायचं. मनोरा कसा हवा, हे सांगायला आराखडा नाही. भिंती टन्स्टॉल गावच्या मनोऱ्यासारख्या हव्यात, दार-खिडक्या हेल्सवर्थच्या मनोऱ्यासारख्या. ‘अमक्यासारखा वाडा आणि तमक्यासारखा दिंडी-दरवाजा’ असं गवंड्याला सांगण्याची रीत तिकडेही होती तर! आणि बांधकाम वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच करायचं, कारण हिवाळ्यात ओला चुना गोठला की सांधा धरत नाही.

हा करार शिल्लक आहे आणि मनोराही उभा आहे. पण त्या मनोऱ्याला शोभेल असं जे चर्च मागाहून बांधलं, त्याचा मोठा भाग गावकऱ्यांनीच पुढे पाडला. या आठवड्यात त्या पाडापाडीपर्यंत पोचायचं आहे. सुरुवात मात्र नदीच्या अलीकडून, साउथवोल्डपासून करू.

साउथवोल्ड सफक परगण्यातलं. एका बाजूला उत्तर समुद्र, दुसऱ्या बाजूला ब्लाय नदी आणि मागे दलदल, त्यामुळे गाव जवळपास बेटच. पांढरं दीपगृह गावाच्या मधोमध, घरांच्या रांगेत घुसल्यासारखं उभं आहे. १८९० साली ते लागलं, उंची ३१ मीटर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, जागा चुकली. पण हा सगळा किनारा वाळू आणि खडीचा, लाट आली की ढासळणारा. इथे काठावर काही बांधलं तर नातवाच्या हयातीत ते पाण्यात जाणार, हे बांधणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

१६५९ साली गावाला मोठी आग लागली आणि बहुतेक घरं राख झाली. गावात जागोजाग हिरवळीचे मोकळे पट्टे दिसतात. पुन्हा आग लागली तर पसरू नये म्हणून ते मुद्दाम राखले, असं लोक सांगतात. पुढे १६७२ साली गावासमोरच्या सोल बे नावाच्या उपसागरात इंग्रज-फ्रेंच आरमार नांगरून पडलेलं असताना डच दर्यासारंग डी रॉयटरने पहाटे गाठलं. इंग्रजांकडून अर्ल ऑफ सँडविच आपलं जळतं जहाज सोडताना बुडाला. बऱ्याच दिवसांनी देह सापडला तो कपड्यांवरून ओळखावा लागला. लढाई कुणी जिंकली यावर एकमत नाही. स्थानिक बिअरवाल्यांनी मात्र तीनशे वर्षं पुरी झाल्याच्या निमित्ताने एका बिअरला जहाजी तोफांच्या सरबत्तीचं नाव दिलं, आणि ती बिअर अजून खपते.

आता चर्च. इंग्लंडमधलं पॅरिश चर्च म्हणजे काय, हे वसईच्या वाचकांना सांगायला नको. त्यांच्याकडे पॅरिशला ‘धर्मग्राम’ असा नेमका शब्द आहे. ठरावीक गावांचं एक चर्च, त्याचा एक धर्मगुरू आणि हिशेब बघायला गावातलेच दोन-चार जण. बिशपच्या कॅथेड्रलला वरून पैसा मिळतो. पॅरिश चर्च गावाच्या खिशातून उभं राहतं. म्हणून या चर्चच्या भिंती मला गावच्या जमाखर्चाच्या वहीसारख्या वाटतात.

साउथवोल्डचं सेंट एडमंड चर्च पंधराव्या शतकातलं. मनोरा शंभर फुटी. पूर्व इंग्लंडच्या या भागात बांधकामाचा दगड जवळपास नाहीच. आहे ती फ्लिंट, म्हणजे आपल्या चकमकीची गारगोटी. तिचे गोटे फोडून काळी, काचेसारखी चकचकीत बाजू बाहेर काढायची आणि परगावाहून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटीत ती बसवायची. भिंतीवर काळ्या-पांढऱ्याची नक्षी उठते. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीभोवती याच पद्धतीने लॅटिन अक्षरं बसवली आहेत. अर्थ असा की संत एडमंडा, आमच्यासाठी प्रार्थना कर. हा एडमंड ईस्ट अँग्लियाचा राजा. ८६९ साली डेन लोकांनी त्याला मारलं. झाडाला बांधून बाणांनी विंधलं, अशी कथा आहे. ज्यांच्याकडे दगडच नव्हता, त्यांनी अक्षरांत खर्च कमी केला नाही, हे पाहण्यासारखं आहे.

आत शिरलं की एक पुरुषभर उंचीचा नव्हे, पण अंगापिंडाने भरलेला लाकडी शिपाई दिसतो. चिलखत घातलेला, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लालसर. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात परशू. याला ‘साउथवोल्ड जॅक’ म्हणतात. उपासना सुरू होताना दोरी ओढली की तो परशूने घंटेवर ठोका देतो. आपल्याकडे देवळात शिरताना भक्त स्वतः घंटा वाजवतो. इथे हे काम पाचशे वर्षांचा एक चिडलेला शिपाई करतो. त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव म्हणून औषधालाही नाही, आणि मला तो त्यामुळेच आवडतो.

वेदीच्या अलीकडे रंगवलेली लाकडी पडदी आहे. तिच्यावर येशूचे शिष्य, संदेष्टे आणि देवदूत आहेत. सोन्याचं काम, कपड्यांवरची वेलबुट्टी सगळं जागच्या जागी. चेहरे मात्र खरवडलेले. धर्मसुधारणेनंतर अशा चित्रांना मूर्तिपूजा ठरवलं गेलं. इंग्रज यादवीच्या काळात विल्यम डाउझिंग नावाच्या कट्टर प्युरिटनाला पार्लमेंटच्या बाजूने चर्चं ‘साफ’ करण्याचा हुकूम मिळाला. १६४४ च्या एप्रिलमध्ये तो या भागात फिरला. त्याने रोजनिशी ठेवली होती, आणि तिच्यात साउथवोल्डला १३० चित्रं फोडल्याची नोंद आहे. कारकुनी थाटात, जणू गोदामातला माल मोजावा तशी. इतिहासकारांना मात्र तो उपयोगी पडला, कारण काय काय होतं हे आता त्याच्या यादीवरूनच कळतं.

पण मुळात एवढ्याशा गावांत एवढी मोठी चर्चं आली कुठून? याचं उत्तर दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी आहे. त्या गावाचं नाव लिहायचं डनविच आणि म्हणायचं डनिच. अकराव्या शतकात ते इंग्लंडच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत या गावाकडून राजाला जाणारे हेरिंग मासे साठ हजारांच्या घरात आहेत. हेरिंग म्हणजे आपल्या तारली-पेडव्याचा जातभाई. खारवला की महिनोन्महिने टिकणारा. वर्षातले कित्येक दिवस धर्माने मांस वर्ज्य केलेल्या युरोपात हा मासा म्हणजे रोकड पैसा.

मग वादळं आली. १२८६ आणि १२८७ ची वादळं, आणि १३२८ चं. लाटांनी नुसती घरं नेली असती तर गावाने पुन्हा बांधली असती. पण खडीचा बांध सरकून बंदराचं तोंड बुजलं आणि नदीने उत्तरेला, वॉल्बरस्विकच्या बाजूला नवी वाट काढली. डनिचचं बंदर गेलं ते शेजाऱ्यांच्या दारात येऊन पडलं. पुढची दीड-दोनशे वर्षं ब्लाय नदीकाठच्या गावांची चांदी झाली. आइसलंडपर्यंत त्यांच्या होड्या मासेमारीला जात.

डनिच मात्र दर शतकात थोडं थोडं पाण्यात उतरत गेलं. गंमत म्हणजे गाव जवळपास संपल्यावरही ते पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत होतं, थेट १८३२ पर्यंत. मासे मतदार असावेत. शेवटचं मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, १९०४ मध्ये कड्याच्या कडेशी आलं आणि १९१९ पर्यंत मनोऱ्यासकट खाली गेलं. वादळी रात्री पाण्याखालच्या घंटा ऐकू येतात, असं किनाऱ्यावरचे लोक सांगतात. अलीकडे संशोधकांनी सोनार लावून तळाशी पडलेल्या भिंतींचे ढीग शोधून काढले. पाणी इतकं गढूळ की डोळ्यांनी काही दिसत नाही.

मासळीचा पैसा चर्चकडेच का वळला, याला दुसरं कारण आहे. मेल्यानंतर आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानात होरपळतो आणि जिवंतांच्या मिस्सांनी त्याची मुदत कमी होते, अशी तेव्हाची पक्की श्रद्धा होती. त्यामुळे होडीवाला, जाळीवाला, दुकानदार, जो तो मृत्युपत्रात चर्चला काही ना काही ठेवून जाई. कुणी छपरासाठी शिसं, कुणी घंटेसाठी पैसे. सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमशी नातं तोडलं आणि १५४७ मध्ये मृतांच्या मिस्सांसाठी दिलेल्या देणग्याच सरकारजमा झाल्या. शुद्धिस्थान अधिकृतपणे रद्द! बांधकामाचा झरा एका पिढीत आटला. पुढे नदीकाठच्या दलदलीला बांध घालून कुरणं केली, तेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी पडला आणि नदीही गाळाने भरू लागली.

या दोन्ही आटलेल्या प्रवाहांच्या काठावर ब्लायबरा गावचं होली ट्रिनिटी चर्च उभं आहे. लोक त्याला दलदलीतलं कॅथेड्रल म्हणतात. लांबून पाहिलं तर बोरूच्या बेटांमागे जहाज लागल्यासारखं दिसतं. वरच्या ओळीत एका बाजूला १८ खिडक्या, दुसऱ्या बाजूलाही १८, म्हणून आत उजेडच उजेड. लाकडी छपराच्या मधल्या तुळईवर पाठीला पाठ लावलेले देवदूत, पंख पसरलेले, रंग उडालेले. पंखांत शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा सगळ्यांनी डाउझिंगच्या माणसांवर बोट ठेवलं. पण छर्रे निघाले अठराव्या शतकातले, आणि चर्चच्या हिशेबाच्या वहीत १७६१ साली दारू-गोळ्याचा खर्च लिहिलेला आहे. छपरात घरटी करणाऱ्या जॅकडॉ जातीच्या कावळ्यांना हाकलायला! एवढ्या वर्षांचा कट्टरतेचा आरोप शेवटी कावळ्यांपाशी येऊन थांबला. अर्थात डाउझिंग इथेही आला होता आणि देवदूत काढा असा हुकूम देऊनच गेला. मग ते वर राहिले कसे? माझा अंदाज साधा आहे. एवढ्या उंच शिडी लावायचा खर्च कोण करणार?

खालच्या बाकांच्या टोकांना सात पापं कोरली आहेत. आळस अंथरुणात पडून आहे. खादाडपणा सुटलेल्या पोटावर हात ठेवून बसला आहे. लोभ आपल्या पैशाच्या पेटीवर ठाण मांडून. शेकडो वर्षं शेजारी बसणाऱ्यांचे हात टेकून टेकून पापांच्या डोक्यांना गुळगुळीत झिलई आली आहे.

आणि उत्तरेचं दार. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. प्रार्थना चालू असताना वादळात मनोऱ्याचं निमुळतं शिखर छप्पर फोडून आत कोसळलं, माणसं मेली. त्याच दिवशी बंगी गावच्या चर्चमध्येही अनर्थ झाला. अब्राहम फ्लेमिंगने लगोलग लंडनमधून पत्रक छापलं की हे काम सैतानी काळ्या कुत्र्याचं. दारावर बोटभर लांबीचे काळे डाग आहेत, खाली टोकदार, वर फुगीर. नखाने ओरबाडल्यासारखे म्हणा, किंवा ज्योत धरल्यासारखे. अनिष्ट टळावं म्हणून लाकडाला मेणबत्तीने मुद्दाम चटका देण्याची चाल इंग्लंडभर होती, जुन्या तुळयांवर असे डाग नेहमी दिसतात. मला हेच पटतं. पण दारासमोर उभी राहणारी पोरं कुत्र्याच्या पंजाशी स्वतःचा हात लावून बघतात, आणि त्यांना मेणबत्तीचं सांगायला मी तरी जाणार नाही.

ब्लायबराने आपलं चर्च कसंबसं सांभाळलं. वॉल्बरस्विकला ते जमलं नाही. साउथवोल्डहून तिकडे जायला आजही वल्हवायची नाव आहे, नाहीतर गाडीने लांबचा वळसा. १६९५ साली गावाने अर्ज केला, की छप्पर दुरुस्त करणं आम्हाला परवडत नाही, चर्च कमी करायला परवानगी द्या. मिळाली. शिसं, लाकूड आणि एक सोडून बाकी घंटा विकल्या. मनोरा आणि त्याला लागून असलेला दक्षिण बाजूचा एक कोपरा ठेवला. रविवारी लोक आजही त्या कोपऱ्यातच जमतात, बाहेर उरलेल्या भिंतींच्या कमानींतून आभाळ दिसतं. पर्यटक हे पाहून हळहळतात. मला त्यात दैन्य वाटत नाही. थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याला कापून बेतावा, तसं हे आहे. हेरिंगचं पिंप देऊन उभारलेला मनोरा त्यांनी हातचा जाऊ दिला नाही.

उत्तरेला कोव्हहाइदने हेच २३ वर्षं आधी केलं होतं, १६७२ साली, म्हणजे समोरच्या समुद्रात डी रॉयटरच्या तोफा वाजल्या त्याच वर्षी. भलंमोठं चर्च छप्पर काढून उघडं टाकलं आणि त्याच्या पोटात, त्याच्याच विटा-दगडांचं, गवताने शाकारलेलं छोटं चर्च बांधलं. जुना मनोरा राखला, नावाड्यांना खूण लागते म्हणून. खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी आभाळाला टेकलेल्या, आणि मध्ये हे गोठ्याएवढं चर्च, दारात पावसाळी बूट.

तिथून रस्ता समुद्राकडे जातो. किनारा इथे वर्षाला सरासरी चार-साडेचार मीटर मागे सरतो. थोडं चाललं की अडथळा आणि धोक्याची पाटी लागते. तिच्यापलीकडे डांबर काही पावलं जातं, मग कडेला तुटून खाली वाळूत तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं दिसतं. मागे वळून बघितलं की मनोरा दिसतो. दोघांमध्ये आता काही शेतं आहेत.