हंसातल्या ताऱ्यावर पहारा

हंस तारकासमूहातला 'एसएस सिग्नी' हा रूपविकारी तारा एरवी बाराव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीतूनही जेमतेम दिसणारा. पण दीड-दोन महिन्यांतून एकदा तो अचानक भडकतो आणि एक-दोन दिवसांत तीस-चाळीस पट तेजस्वी होतो. १८९६ साली हार्वर्डमध्ये लुइसा वेल्स यांना तो सापडला. तेव्हापासून त्याच्या उद्रेकांची जी वही भरत आली, ती भरली मुख्यतः हौशी निरीक्षकांनी. १९११ साली स्थापन झालेली अमेरिकेतली त्यांची 'आव्सो' ही संघटनाही एका वकिलाने उभी केलेली, विल्यम टायलर ऑलकॉट यांनी.

खरं तर हा एक तारा नाही, जोडी आहे. श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, वायूची तबकडी साठत जाते, एका मर्यादेनंतर ती तापते आणि उद्रेक होतो. हे गणित छान जुळत होतं. मग १९९९ साली हबल दुर्बिणीने ताऱ्याचं अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षं ठरवलं आणि घोळ झाला. इतक्या लांबून एवढा दिसतो, तर वायूचा ओघ प्रचंड हवा. आणि ओघ तेवढा असेल तर तबकडी कायमच तापलेली राहील, उद्रेक होणारच नाहीत!

अंतर रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजायचं ठरलं. अडचण अशी, की ताऱ्याचे रेडिओतरंग उद्रेकातच पकडण्याइतके प्रबळ होतात आणि कित्येक देशांतल्या अशा दुर्बिणी महिनोन्‌महिने एकाच ताऱ्याकडे लावून ठेवणं कोणाला परवडणार? म्हणून पहाऱ्याला हौशी मंडळी. नकाशात शेजारचा एक तारा १०.२ प्रतीचा, दुसरा १०.८चा, आपला त्यांच्या बरोबर मध्ये वाटला की १०.५ लिहायचं, सोबत वेळ. कुणी डोळ्यांनी, कुणी कॅमेऱ्याने. चाहूल लागताच व्यावसायिकांना निरोप जाई.

२०१३ साली उत्तर प्रसिद्ध झालं: सुमारे ३७० प्रकाशवर्षं. सिद्धान्त तरला, पुढे गाया उपग्रहाच्या मोजमापानेही तेच सांगितलं.

आपल्याकडे हंस ऐन पावसाळ्यात डोक्यावर येतो, त्यामुळे ते महिने इतर देशांतल्यांच्या भरवशावर. ऑक्टोबरात आकाश निवळलं की रात्री आठच्या सुमारास तो उत्तरेला चांगलाच उंच असतो. उद्रेक चालू असेल तर साधी द्विनेत्रीही पुरते. नसेल तर 'आज दिसला नाही' ही नोंदसुद्धा वहीत जाते.