चढ आणि दंतचक्रे

गोरेगावच्या पूर्वेस आरे वसाहत पसरलेली आहे. तिच्यातून पवईकडे जाणारा रस्ता टेकड्यांमधून चढत-उतरत जातो. सपाटीवर भरधाव धावणारी सायकल येथील चढावर आली, की जड होते व पाय भरून येतात. हा जडपणा कमी करण्याची युक्ती मागच्या चाकाच्या दंतचक्रांत असते.

शर्यतीच्या जुन्या सायकलीला मागे अशी पाच-सहा लहानमोठी चक्रे शेजारी शेजारी बसविलेली असतात. समजा, पायडलाजवळच्या चक्राला ४२ दाते आहेत. साखळी मागच्या १४ दात्यांच्या चक्रावर असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते व सायकल सुमारे सव्वासहा मीटर पुढे जाते. तीच साखळी २८ दात्यांच्या चक्रावर नेली, तर चाक दीडच वेळा फिरते. अंतर निम्मे होते. परंतु पायांना जोरही निम्माच लावावा लागतो. वाचलेल्या जोराची भरपाई अधिक फेऱ्यांनी करावी लागते.

म्हणून चक्रे निवडताना आपला मार्ग पाहावा. सपाटीला लहान चक्रे पुरतात. चढाला मोठे हवे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढावा लागे आणि तो प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणत. मात्र जुन्या सायकलीला मोठे चक्र बसविण्यापूर्वी साखळीची लांबी व साखळी सरकविणारी यंत्रणा त्यास पुरेल काय, हे कुशल कारागिराकडून तपासून घ्यावे.

चक्रांची निगा म्हणजे प्रथम साखळीची निगा होय. पावसाळ्यात चिखल व रेती साखळीत शिरतात. तेलात मिसळलेली रेती कानशीप्रमाणे पोलाद झिजविते. याकरिता साखळी फडक्याने स्वच्छ पुसावी, प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे; नाहीतर त्यावर पुन्हा धूळ बसते.

नव्या साखळीच्या २४ कड्या खिळीपासून खिळीपर्यंत मोजल्यास बरोबर १२ इंच भरतात. ही लांबी इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली, की साखळी बदलावी. आळस केला, तर झिजलेली साखळी चक्रांचे दातेही झिजविते. मग अशा दात्यांवर नवी साखळी घातली, तरी ती ऐन चढावर घसरते, पायडल एकाएकी सैल पडते आणि स्वाराचा तोल जातो. मोजपट्टी लावून पाहण्यास एक मिनिट पुरते. ते मिनिट वाचविण्यात शहाणपण नाही.